भरलेल्या कॅसेटी

नावाजलेल्या गायकाचा 'निवडक' अल्बम कसा निघतो हे आपण पाहिलेलं आहे. कंपनीच्या कपाटात मूळ ध्वनिमुद्रणं असतात, कुठलं गाणं किती खपलं याचा हिशेब असतो आणि पंचाहत्तरी किंवा पुण्यतिथी तोंडावर आलेली असते. लोकांना पाठ असलेली वीस गाणी घ्यायची, शेवटी एखादं 'आजवर अप्रकाशित' ठेवायचं, निवेदनाला भारदस्त आवाजाचं कोणीतरी बघायचं. काम सोपं, कारण निवड लोकांनीच कधीची करून ठेवलेली असते.

आता ज्याचं एकही गाणं कोणाला पाठ नाही असा माणूस घ्या. त्याच्या कॅसेटी एका वेळी तीस-चाळीसच्या वर कधी निघाल्या नाहीत. त्याही त्याने घरातच दोन डेक जोडून भरल्या, वरची चित्रं स्केचपेनने स्वतः काढली आणि गणपतीत लालबागच्या रांगांतून फिरून विकल्या. अशा माणसाने सत्तरीला टेकल्यावर 'आजवरचं' म्हणून अल्बम काढायचं मनावर घेतलं, तर निवडायचं कशाच्या जोरावर?

असा एक अल्बम यंदाच्या श्रावणात खरंच निघाला आणि त्याच्या आतल्या कागदावरचा मजकूर लिहायचं काम माझ्या गळ्यात आलं. वादक आमच्या जुन्या चाळीतले. नाव इथे द्यायचं नाही असं त्यांनीच बजावलंय. मी लहानपणापासून त्यांना काका म्हणते, तेच इथेही चालवते.

काका बेंजो वाजवतात. लालबाग-परळात बेंजो म्हटलं की अमेरिकेतलं ते गोल तोंडाचं वाद्य कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि टाइपरायटरला असतात तशी बटणं. टाइपरायटरची आठवण उगाच होत नाही. १९१२ साली जपानमधल्या नागोयात गोरो मोरिता नावाच्या माणसाने हे वाद्य घडवलं, तेव्हा बटणांची कल्पना त्याने तिथूनच उचलली होती. घरात बसून कोणालाही चार सूर काढता यावेत असं ते साधं वाद्य. समुद्र ओलांडून ते आपल्याकडे आलं, पुढे कोणीतरी त्याला गिटारचा पिकअप बसवला, तारेचा आवाज ॲम्प्लिफायरमधून भोंग्यात गेला आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलकी, ताशा, हलगीच्या वर चढून कोळीगीताची चाल दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जायला लागली. उजव्या हातात नखी, डावा हात बटणांवर. नंतर ऑक्टोपॅड आला, कीबोर्ड आला, तरी चाल धरायला बेंजोच. नागोयातल्या त्या माणसाला लालबागची मिरवणूक दाखवली असती तर त्याने वाद्य ओळखलं असतं का, अशी मला शंका आहे.

काकांनी तरुणपणी दोन-तीन बेंजो पार्ट्यांत वाजवलं आणि कुठेच टिकले नाहीत. कारण तारा. चालीच्या तारांच्या बाजूला सुराला धरून राहणाऱ्या तारा असतात. त्या एकमेकींशी जुळवून घ्याव्या लागतात. एक तार सेकंदाला २२० कंपनांवर आणि शेजारची २२२ वर असली, तर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. वाद्य लावणारा माणूस हे हेलकावे जाईपर्यंत खुंटी पिळतो. काका ते येईपर्यंत पिळतात. 'बेसूर लावतो' म्हणून पार्टीवाल्यांनी हात जोडले. काका मालवणहून आलेले, चाळीत कोणाला हार जाणारे नव्हते. त्यांनी घरी बसून एकट्याने वाजवायला सुरुवात केली.

घरी बसायला निमित्तही झालं होतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले बरेचसे परत आत गेलेच नाहीत. काका बदली कामगार होते, म्हणजे कायमचा कामगार आला नाही की त्याच्या जागी उभं राहणारे. त्यांचं तर गिरणीतलं खातंच बंद झालं. पुढे त्यांनी टेपरेकॉर्डर आणि मंडळांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करून घर चालवलं. या काळाबद्दल ते यापेक्षा जास्त बोलत नाहीत. मीही मजकुरात जास्त लिहिलं नाही. संपावर लिहिणाऱ्यांनी भरपूर लिहिलंय, आणि काकांच्या बेंजोतून गिरणी ऐकू येते वगैरे लिहायचा मोह आवरलेला बरा.

ऐकू येते ती खोली. चोरबाजारातून त्यांनी स्पूलवाली दोन जुनी मशिनं आणली होती. एक कॉटच्या उशापाशी ठेवायचं, दुसरं कपाटापाशी, आणि एकच टेप दोन्हींतून ओढायची. पहिल्या मशिनीवर आवाज भरला जायचा, ती टेप सरकत सरकत दुसऱ्या मशिनीवर पोचली की तोच आवाज वाजायचा, आणि तो पुन्हा पहिलीत जाऊन नव्या सुरांवर बसायचा. टेपचा वेग सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर. दोन मशिनींत ९५ सेंटिमीटर अंतर ठेवलं की वाजवलेली ओळ बरोबर दहा सेकंदांनी परत येते. अमेरिकेत टेरी रायली या संगीतकाराने साठच्या दशकातच ही युक्ती वापरली होती, पण ती बातमी आमच्या चाळीत पोचलेली नव्हती. काकांना दुरुस्तीला आलेल्या मशिनी तपासता तपासता ती सापडली. १० बाय १२ च्या खोलीत कॉट आणि कपाट यांच्यात जेवढी जागा, तेवढा त्या गाण्याचा ठेका. कोकणातून पाहुणे आले की कॉट सरकवावी लागायची आणि ठेका आवळला जायचा. १९८६ च्या मे महिन्यातली एक आख्खी कॅसेट अशी घाईघाईची आहे. सुट्टीला आलेली माणसं जमिनीवर निजलेली आणि काका पाय आखडून बसलेले, असं सगळं तिच्यात ऐकू येतं. निदान मला तरी येतं.

या मुंबईत असं पूर्वीही घडलेलं आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीची तीन नवी इलेक्ट्रॉनिक वाद्यं घेतली, ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३, आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एचएमव्हीसाठी रेकॉर्ड केली. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. १९८७ च्या सुमारास शिकागोतल्या पोरांनी त्याच टीबी-३०३ मधून जे काढलं त्या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताला जग ॲसिड हाउस म्हणायला लागलं. २०१० मध्ये एका डच माणसाने ती जुनी रेकॉर्ड नव्याने बाजारात आणली, तेव्हा ऐकणारे चाट पडले, कारण तसाच आवाज मुंबईत पाच वर्षं आधी निघून गेलेला होता. सत्तरी ओलांडल्यावर सिंग युरोपात कार्यक्रम करून आले. २०१५ मध्ये गेले. ही गोष्ट सांगताना लोक न्याय मिळाला असा सूर लावतात. मला तो पटत नाही. निवड तिथेही दुसऱ्यानेच केली. ती चांगली केली, पण तिच्यामुळे आता सिंग म्हणजे ती एकच रेकॉर्ड, असं होऊन बसलंय. त्यांच्या बाकीच्या आयुष्याची चौकशी करणारे थोडे.

काकांना हे माहीत होतं. पुतण्याने फोनवर ऐकवलं होतं. पुतण्या जाहिरातींचं ध्वनिमुद्रण करतो, अल्बमचा सगळा खटाटोप त्याचाच. त्याने ४१ कॅसेटी आणि काही स्पूलं गोळा करून संगणकावर घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मी बरेचदा तिथे बसले. हे काम एकदा जवळून बघावं. आधी बुरशी. मुंबईच्या हवेत तीस-चाळीस पावसाळे काढलेल्या टेपच्या कडेला पांढरी साय धरते. ती कोरड्या कापडाने टिपायची, नाहीतर मशीनच्या हेडवर जाऊन बसते आणि पुढच्या कॅसेटीला लागते. मग कॅसेटच्या पोटातला तो लोकरीचा चिमुकला तुकडा, जो टेपला हेडवर दाबून धरतो. त्याचा गोंद सुकून तो गळून पडलेला असतो, तो नवा चिकटवायचा. काही कॅसेटींना स्क्रू नसतात, त्या फोडून टेप दुसऱ्या डबीत घालावी लागते. एवढं झालं की हेडचा कोन. काकांनी ज्या डेकवर भरलं त्याचं हेड थोडं कललेलं असणार, आपल्या डेकचं वेगळं. म्हणून हेडच्या बाजूच्या स्क्रूला छोटा स्क्रूड्रायव्हर लावून केसभर फिरवायचा. आवाज आधी घोंगडीतून आल्यासारखा असतो. फिरवता फिरवता एका जागी तारेवरच्या नखीचा चटका एकदम मोकळा होतो, आणि खोलीतले सगळे 'बस बस' म्हणून ओरडतात. प्रत्येक कॅसेटीला ही जागा निराळी. एकाच कॅसेटीच्या दोन बाजूंनाही कधीकधी निराळी.

कोऱ्या कॅसेटी महाग पडायच्या, म्हणून काकांनी बहुतेक वेळा रद्दीतल्या भरलेल्या कॅसेटी घेतल्या. वरच्या कडेची मोडलेली खाच सेलोटेप लावून बुजवायची की पुन्हा भरता येतं. कीर्तनं, चित्रपटगीतं, शेतीवरची भाषणं, काय वाट्टेल ते पुसून त्यावर बेंजो. पण काका जिथे थांबले तिथे जुनं तसंच शिल्लक. पुसणारं हेड भरणाऱ्या हेडच्या थोडं आधी असतं, त्यामुळे त्यांचा शेवटचा सूर संपला की क्षणभर काहीच नाही, आणि मग खालचं अचानक वर येतं. १९८४ च्या एका गाण्यात बेंजो भोंग्यासारखा लांबत जातो, थांबतो, आणि शब्दाच्या मधूनच टाळ्या-झांजांसकट गणपतीची आरती सुरू होते. काकांनी विकायच्या प्रती डेकवरून डेकवर काढल्या, तेव्हा आरतीही प्रत्येकीत गेली. ज्या थोड्या घरांत ते गाणं पोचलं, तिथे ते आरतीसकटच पोचलं.

पुतण्याने ती अर्थातच कापली. ठेवली असती तर ऑनलाइन चढवताना अडली असती, कारण ते ध्वनिमुद्रण दुसऱ्या कंपनीचं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. काका हटून बसले. गाणं आरतीवरच संपतं, चाळीस वर्षं संपत आलंय, तू कोण तोडणारा? शेवटी तोड निघाली ती अशी, की शब्द समर्थ रामदासांचे, त्यावर कोणाचा हक्क नाही. मग आपणच गाऊ. माघी गणपतीत आमच्या जुन्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना जमवून आरती म्हणून घेतली. काकांनी ती नापास केली. फार सुरात आहे म्हणाले. दुसऱ्यांदा मुलांना पुढे उभं केलं, झांजा चुकीच्या हातात दिल्या, तेव्हा पसंत पडली. अल्बमवर जी ऐकू येते ती ही. शब्दाच्या मधूनच सुरू होते.

खरी वादावादी पुढे होती. पुतण्याला हवी होती बारा गाणी. सुरुवातीला कोळीगीतांच्या चालींवरची तीन, कारण ती ऐकताच पाय हलतो, मग हळूहळू काकांचं विचित्र वाजवणं. मीही त्याच मताची होते. कोणालाही घरात बोलावताना आधी बसायला पाट देतात. काका दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी बेंजो काढला, यादीतलं पहिलं गाणं लावायला सांगितलं, ऐकलं आणि बंद करून तेच वाजवून दाखवलं. सत्तरीच्या बोटांनी, थोडं सावकाश, पण तेच. मग म्हणाले, "ह्या काढ."

का?

"ह्या माका अजून येता. मगे जुना कित्याक विकूचा?"

आणि एकेक करत त्यांनी सगळी यादी अशी तपासली. जे आजही वाजवता येतं ते बाद, जे काही केल्या पुन्हा वाजवता येणार नाही ते आत. मला ही निवड आधी निव्वळ हट्ट वाटली. पण जसजशी यादी तयार होत गेली तसतसं मजकूर लिहिणं सोपं व्हायला लागलं, कारण प्रत्येक गाण्याला आत येण्याचं निराळं कारण होतं. एकात ढोलकीवर जो मित्र आहे तो गेला. एकात डाव्या हाताची करंगळी अशा वेगाने चालते, की संधिवाताने ती वाट आता बंद केलीय. स्पूलवरची सगळीच्या सगळी आली, कारण चाळ पडली, टॉवर झाला, आणि बाविसाव्या मजल्यावरच्या नव्या घरात कॉट आणि कपाट यांच्यामधलं अंतरच बदललं. ९५ सेंटिमीटर मोजून मशिनी ठेवता येतील की, असं पुतण्या म्हणाला. मोजून ठेवलेला ठेका तो काय, असं काकांचं म्हणणं.

परदेशात असली वल्ली कमी नाहीत. आर. स्टीव्ही मूर हा नॅशव्हिलच्या एका नामांकित बास वादकाचा मुलगा. बाप एल्विस प्रेस्लीबरोबर वाजवायचा. मुलाने घरातच ध्वनिमुद्रण करून चारशेहून जास्त अल्बम काढले, कॅसेटी टपालाने पाठवल्या. त्याचे निवडक संग्रह निघतात ते मला बादलीने समुद्र उपसल्यासारखे वाटतात. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या डॅनियल जॉन्स्टन या गायकाकडे सुरुवातीला कॅसेटची नक्कल काढायची सोय नव्हती, म्हणून कोणाला कॅसेट द्यायची झाली की तो सगळी गाणी पहिल्यापासून पुन्हा गाऊन भरायचा. हे काकांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. तो माणूस बरोबर होता म्हणाले, जे गाता येतं ते गावं. मग अल्बम कशाला काढताय, असं मी विचारलं नाही, कारण उत्तर समोर यादीत होतं.

यादीत नळाचं गाणंही आलं. अकरा मिनिटांचं. चाळीत पहाटे चारला पाणी यायचं, त्या नळाखाली पिंप भरत असताना काकांनी शेजारी बसून वाजवलेलं. पिंप भरत जातं तशी वरची हवेची पोकळी लहान होते आणि आवाज चढत जातो. बेंजो त्याच्या मागोमाग चढतो, मागून बायकांची नंबरावरून भांडणं. एकीने काकांना 'उठा तिथून' म्हटलेलंही स्पष्ट ऐकू येतं, ती बहुधा माझी आई. टॉवरमध्ये नळाला चोवीस तास पाणी, तेव्हा हे गाणं आत येणार हे उघडच होतं. मला ते आवडत नाही. तीन मिनिटांत जे कळतं ते अकरा मिनिटं चालतं, आणि पिंप काठोकाठ भरल्यावर जी गंमत व्हायला हवी, ती व्हायच्या आत कोणीतरी नळ बंद करतं. मी हे काकांना सांगितलं. त्यांनी ते अल्बमच्या सुरुवातीलाच ठेवलं.

आता बाजाराच्या दृष्टीने हा सगळा वेडेपणा आहे. ऐकणाऱ्याने तीस सेकंद तरी ऐकलं तरच स्पॉटिफायवर ते मोजलं जातं, आणि २०२४ पासून बारा महिन्यांत हजारदा न ऐकलेल्या गाण्याला तिथे पैसेच मिळत नाहीत. नळाच्या गाण्याची पहिली तीस सेकंदं म्हणजे रिकाम्या पिंपात पडणारं पाणी. पुतण्याने डोक्याला हात लावला आणि चढवलं. शिवाय पन्नास कॅसेटी काढल्या, त्या मात्र जवळजवळ संपल्या. घेणारी बहुतेक विशी-पंचविशीतली मुलं, ज्यांच्या घरात कॅसेट वाजवायला काही नाही. काय करणार विचारलं तर म्हणाली, ठेवू. लालबागच्या जुन्या ओळखीच्यांनी एकही घेतली नाही. 'बेंजो ऐकायचा तर मिरवणुकीत ऐकू', हे त्यांचं म्हणणं. मिरवणुकीत आता बेंजोपेक्षा डीजेच्या भिंती जास्त, पण तो विषय काढला की संध्याकाळ जाते.

माझं दुखणं एवढंच, की कोळीगीतांच्या चालींवरची ती तीन गाणी अल्बमवर नाहीत. त्यातलं एक, १९९१ मधलं, काकांनी आयुष्यात वाजवलेलं सगळ्यात देखणं आहे. हेलकावे घेणाऱ्या तारांवर तो हिंदकळता ठेका असा बसलाय, की होडीत उभं राहिल्यासारखं वाटतं. ते बाद, कारण काकांना ते आजही येतं. मी भांडून पाहिलं. मजकुरात त्याचा उल्लेख तरी करू दे म्हटलं.

ते त्यांना पटलं. नुसतं पटलं नाही, त्यांनी माझा मजकूर निम्मा उडवून त्या जागी न घेतलेल्या गाण्यांची यादी घातली, नंबर टाकून, वर्षासकट. घेतलेल्या गाण्यांच्या यादीपेक्षा ती लांब झाली. तिच्याखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक सूचना लिहून दिली आणि ती तशीच छापायला लावली: "वरील गाणी वाजवून मिळतील. फोन करून यावे. बुधवारी येऊ नये, बुधवारी मी भाऊच्या धक्क्यावर असतो."